नऊवारीतला डास आणि आमचं पथक

आमच्या आरोग्य-पथकाचं एक रजिस्टर आहे. जाडजूड, लाल पाठीचं. त्यात तारीख, ठिकाण, कितीजणांचं बीपी तपासलं, कितीजणांची शुगर, कितीजणांना डॉक्टरकडे धाडलं असे रकाने आखलेत. ते मी इमानेइतबारे भरते. पण दर शनिवारी घरी येताना हसून हसून पोट दुखत असतं, त्याला रकानाच नाही! शेवटी 'शेरा' म्हणून अर्ध्या इंचाची पट्टी आहे, त्यात काय मावणार? तिथे मी आपली 'कार्यक्रम चांगला झाला' असं लिहून मोकळी होते. एवढी वर्षं झाली, आमचे सगळेच्या सगळे कार्यक्रम चांगले झालेत. खरं काय झालं ते मात्र डोक्यात साचत जातं आणि कुणी चहाला बोलावलं की सांडतं.

आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही चौघं. मी अनघा, भाईंदर पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांच्या शिरा शोधणं हा माझा धंदा. शुभदाताई समाजकार्य शिकलेल्या, वस्त्यांमध्ये बायकांचे गट चालवतात आणि चार भाषांत भांडू शकतात. दळवीकाका गिरगावातून सिल्व्हर पार्कला राहायला आलेले, रिटायर्ड. तरुणपणी कामगार नाट्यस्पर्धा गाजवल्या, असं ते स्वतः सांगतात. आणि चौथे बस्त्याव अंकल, भाईंदरजवळच्या उत्तन गावचे. लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर ट्रम्पेट वाजवलेला माणूस.

आयडिया साधी होती. बस्त्याव अंकल वाजवणार, दळवीकाका नाटक करणार, लोक थांबणार. लोक थांबले की त्यात मी थोडं विज्ञान घुसवणार आणि शुभदाताई एकेकाला हाताला धरून बीपीच्या टेबलापाशी आणणार. कागदावर फारच सोपं वाटत होतं.

*

पहिलंच पथनाट्य डेंग्यूवर. दळवीकाका डास. काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे चिकटवलेले, डोक्यावर दोन तारा. रिहर्सलला मी सहज म्हणाले, "काका, एक लक्षात ठेवा हं, चावते ती मादी. नर डास बिचारा फुलांचा रस पितो."

काका थबकले. "म्हणजे मी बाई आहे?"

"हो."

"मग ती चावते का?"

"अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं."

काका खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "म्हणजे ती आई आहे."

इथेच मी त्यांना थांबवायला हवं होतं.

शनिवारी सिल्व्हर पार्कच्या चौकात डास अवतरला तो काकूंची नऊवारी नेसून! डोक्यावरच्या तारांवर पदर. काकांनी आमची स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि पोटातल्या लेकरांसाठी दारोदार रक्त मागत फिरणाऱ्या माउलीचा असा काही प्रवेश केला, की समोर बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शुभदाताई झाडू घेऊन मारायला धावल्या, तर पहिल्या रांगेतली पोरं ओरडली, "मत मारो! मत मारो!" काका मरता मरता कुंडीखालच्या ताटलीपर्यंत सरपटत गेले, साठलेल्या पाण्यात हात बुडवला आणि म्हणाले, "बाळांनो, मी नसले तरी हे पाणी आहे!"

टाळ्या थांबेनात. मी घाईघाईने माइक घेतला. "तर मंडळी, या नाटकातून आपण काय शिकलो?"

एक काकू नाक पुसत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्याकडे सात कुंड्या आहेत. खरं सांगते, आता ताटलीतलं पाणी ओतायला हात धजायचा नाही हो!"

रजिस्टरमध्ये शेरा : कार्यक्रम चांगला झाला.

*

त्यानंतर मी ठरवलं, डासाचं नाटक पुरे. लोकांना आधी खरी अळी दाखवायची. डोळ्यांनी बघितलं की पटतं.

एका सोसायटीच्या मीटिंगला गेले. सेक्रेटरी म्हणाले, "आमच्याकडे डास असणं शक्यच नाही. गेटवर सगळ्यांची एन्ट्री होते." मी सरळ त्यांच्याच गच्चीवर गेले, जुन्या टायरमधलं पाणी बाटलीत भरलं आणि खाली आणून टेबलावर ठेवलं. बाटलीत पंचवीस-तीस अळ्या वळवळत होत्या. पुढे बसलेल्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या. मी बाटलीच्या तोंडाला बारीक जाळी बांधली, अळीचा कोष कसा होतो, कोषाचा डास कसा होतो हे सगळं समजावलं. लोक जागेवरून उठून टायर हलवायला धावले. आयुष्यातलं माझं सगळ्यात यशस्वी भाषण!

त्या आनंदात बाटली तिथेच विसरले.

आठवड्याने आठवण झाली तशी धावत गेले. गेटवर तिवारीजी वॉचमन होते. त्यांच्या केबिनच्या खिडकीत माझी बाटली, शेजारी बिस्किटाचा पुडा. बाटलीत नुसतं पाणी.

"तिवारीजी, इसमें जो थे, वो कहाँ गये?"

तिवारीजींचा चेहरा उजळला. "मॅडम, आपकी मछली के बच्चे! हमने बहुत सँभाला. रोज़ बिस्कुट दिया. ऊपर वो कपड़ा बँधा था, दम घुट रहा था बेचारों का, तो खोल दिया."

"फिर?"

तिवारीजींनी आभाळाकडे हात केला. आवाजात कन्या सासरी पाठवल्याची तृप्ती होती.

"बड़े हो गये मॅडम. उड़ गये."

पुढचे पंधरा दिवस मी रोज त्या सोसायटीत कुणाला ताप आलाय का, ते विचारायला जात होते. कुणाला आला नाही. लोक म्हणाले, किती काळजी घेणारी बाई आहे!

*

भिंतीचा किस्सा छोटासाच आहे.

एका बिल्डिंगने त्यांची लांबलचक कंपाउंडची भिंत आम्हाला दिली. पेंटरला सांगितलं, मोठ्ठ्या अक्षरांत लिही : 'घरात व गच्चीवर उघडं पाणी साठवू नका.' पेंटर कलावंत होता. एकेक अक्षर पुरुषभर उंच काढलं, कडेने फुलं काढली. 'साठवू'पाशी भिंत संपली!

तो गडबडला नाही. उरलेला शब्द त्याने शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीवर काढला. तेवढ्याच उंचीचा. लाल रंगात.

दोन दिवसांनी एका बिल्डिंगचा फोन, "तुम्ही आम्हाला पाणी साठवायला का सांगताय?" अर्ध्या तासाने दुसऱ्या बिल्डिंगचा, "आमच्या भिंतीवर नुसतं 'नका' लिहिलंय. काय नका?"

शुभदाताई माफी मागायला आणि पुसून द्यायला गेल्या. दुसऱ्या बिल्डिंगचे चेअरमन म्हणाले, "थांबा, थांबा. पुसू नका. त्या भिंतीशी लोक कचरा टाकायचे, थुंकायचे, नको ते सगळं करायचे. परवापासून एक माणूस जवळ येत नाहीये. येतो, वाचतो, विचार करतो आणि निघून जातो!"

पहिली भिंत आम्ही दुरुस्त केली. दुसरी अजून तशीच आहे.

*

हाटकेशला मेहताभाईंचं प्लास्टिकचे डबे बनवायचं युनिट आहे. तिथे हात धुण्याचा कार्यक्रम. जंतू दिसत नाहीत, म्हणून मी रांगोळीतली चंदेरी चमकी नेली होती. एकाच माणसाच्या हाताला लावायची, त्याला काही न सांगता अर्धा तास नेहमीचं काम करू द्यायचं, मग चमकी कुठे कुठे पोचली ते सगळ्यांना दाखवायचं.

"मला लावा ने!" मेहताभाई पुढे झाले. मालकच पुढे झाल्यावर कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मेहताभाईंना डायबिटीस. त्यांच्या मिसेस कोकिळाबेन खास कार्यक्रमाला आलेल्या, पहिल्या खुर्चीत बसलेल्या. त्यांनी यांचं गोड सहा महिन्यांपासून बंद केलेलं.

तेवढ्या अर्ध्या तासात बस्त्याव अंकलनी चार गाणी वाजवली. मग आम्ही सगळे मिळून चमकी शोधायला निघालो. आधी दाराच्या कडीवर सापडली. मग फोनवर, पाण्याच्या ग्लासावर, दोन कामगारांच्या खांद्यांवर. "बघा, असे पसरतात जंतू!" मी रंगात आले होते. कामगारही रंगात आले. एकजण ओरडला, "मॅडम, इधर भी है!"

ऑफिसातल्या कपाटाच्या हँडलवर चमकी. कपाट उघडलं. फायलींवर चमकी. फायलींच्या मागे एक खोका, त्याच्यावर तर दिवाळी! खोका उघडला. आत मोहनथाळाची मिठाई. तीन वड्यांची जागा रिकामी.

सगळ्यांनी वळून मेहताभाईंकडे पाहिलं. दारातल्या उन्हात उभे होते. मिशा नुसत्या लखलखत होत्या.

कोकिळाबेन सावकाश पुढे आल्या. "आ सू छे?"

मेहताभाईंनी माझ्याकडे पाहिलं. बुडत्याने काठीकडे बघावं तसं. म्हणाले, "मॅडमनी आत्ताच सांगितला ने! जंतू कुठे पण जाते!"

त्यानंतर कोकिळाबेन माझ्याकडून चमकीचा अख्खा पुडा मागून घेऊन गेल्या. तीन महिन्यांनी मेहताभाईंची शुगर आमच्याच लॅबला आली. इतकी सुंदर खाली आली होती, की मी मशीन पुन्हा तपासलं.

*

उत्तनला बस्त्याव अंकलच्या गावात बीपीचं शिबिर होतं. त्यांची रोझीमावशी पहिल्यांदा बसली. बाई ऐंशीच्या घरातली, पण ताठ. मी पट्टा बांधला, मशीन सुरू केलं. आकडा बघून मीच दचकले.

"मावशी, तुमचं बीपी फार आहे."

"मना काय झालं न्हाय," मावशी म्हणाली. "तुज्या मशिनीला झालं हाय."

पुन्हा घेतलं. आणखी वाढलं! काहींचं असं होतं, पांढरा कोट नि पट्टा बघूनच वाढतं. पाच मिनिटं शांत बसवून परत घ्यायचं असतं. पण मावशी शांत बसेल तर ना! तेव्हा बस्त्याव अंकलनी ट्रम्पेटच्या तोंडावर पंजा धरला आणि अगदी हळू आवाजात गावातलं लग्नाचं जुनं गाणं वाजवलं. मावशीने डोळे मिटले. पाय हलायला लागला. मी म्हटलं, पाय नका हलवू, हवं तर मनात नाचा. गाणं संपलं, पुन्हा बीपी घेतलं. एकदम नॉर्मल!

झालं. मागच्या रांगेत बातमी पोचली. आता गाण्याशिवाय कुणी हात पुढे करेना! एकाला चर्चमधलं हवं, एकीला वरातीतलं. एक आजोबा म्हणाले, "त्याला दोन वाजवली, मना एकच कशाला?" बस्त्याव अंकल घामाघूम. मी रजिस्टरमध्ये बीपीच्या पुढे गाण्याचं नाव लिहायला लागले. तिघांचं मात्र कुठल्याही गाण्याने खाली येईना. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं आणि बरं झालं पाठवलं.

सोमवारी त्या डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, चिठ्ठीवर लिहिलंय, 'तीन वेळा घेतलं, वरातीवरही उतरलं नाही.' हे वरात कुठल्या कंपनीचं आहे?"

आणखी एक राहिलं. एका गृहस्थांचं बीपी बसल्या बसल्या छान होतं. हौस म्हणून लग्नाचं गाणं वाजवून घेतलं, तर केवढं तरी चढलं! मी कारण विचारणार होते. पण त्यांच्या मिसेस शेजारीच बसल्या होत्या.

*

आता भाईंदर पूर्वेचं सांगते.

तिथल्या भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही एकच नाटक करायचो. माणूस छातीत कळ येऊन पडला तर काय करायचं, याचं. दळवीकाका पडायचे. शुभदाताई धावत यायच्या, खांदे हलवून विचारायच्या, "काका, काका, ऐकू येतंय का?" मग गर्दीकडे बोट करून म्हणायच्या, "तुम्ही, निळा शर्ट! ॲम्ब्युलन्सला फोन करा!" नुसतं 'कुणीतरी करा' म्हटलं की कुणीच करत नाही, म्हणून असं एकाला धरायचं असतं. मग छातीवर दोन्ही हात ठेवून जोरजोरात दाबायचं. जिवंत माणसाची छाती खरी दाबायची नसते, म्हणून शुभदाताई शेजारी उशी ठेवून त्यावर दाखवायच्या. दाबायचा वेग लोकांच्या डोक्यात बसावा म्हणून बस्त्याव अंकल त्या ठेक्यात बँडची एक धून वाजवायचे.

कोपऱ्याला लागून हौसाबाईंची भाजीची पथारी. बाई साताऱ्याकडची. आमच्यावर भयंकर राग, कारण नाटक बघणारे तिच्या भाजीकडे पाठ करून उभे राहायचे. शिवाय दळवीकाकांना नुसतं पडायलाच चार मिनिटं लागायची. आधी छातीवर हात, मग आकाशाकडे नजर, मग पूर्वायुष्याबद्दल दोन वाक्यं. एकदा हौसाबाई मधेच ओरडल्या, "आवो, दर शनवारी मरताय, एकदा तरी लवकर मरा की! गिऱ्हाइक चाललंय माजं!"

काकांना ते फार लागलं. पुढच्या शनिवारी त्यांनी पाच मिनिटं घेतली.

एका मंगळवारी आम्ही कुणीच तिथे नव्हतो. हे सगळं मला पाचजणांनी सांगितलं आणि समोरच्या वडापाववाल्याने मोबाइलवर आलेला व्हिडिओ दाखवला. हौसाबाईंसमोर पाटणकर नावाचे गृहस्थ भेंडी निवडत होते. साठीचे. हातातली भेंडी हातातच राहिली आणि ते सरळ खाली कोसळले. ना छातीवर हात, ना आकाशाकडे नजर.

लोक पटकन मागे सरकले आणि छान गोल करून उभे राहिले. सवयच झाली होती! कुणीतरी म्हणालं, "आज नया अंकल है." दोघांनी मोबाइल काढले. एकाने पोराला खांद्यावर घेतलं.

हौसाबाईंनी मात्र पाटणकरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पथारी ओलांडून आल्या. गुडघ्यांवर बसल्या. खांदे हलवून म्हणाल्या, "काका, काका, ऐकू येतंय का?" थेट शुभदाताईंच्या आवाजात. पुण्याच्या शाळेत शिकल्यासारखं! पाटणकरांना ऐकू येत नव्हतं. श्वासही नव्हता.

मग गर्दीकडे बोट, "तुम्ही, निळा शर्ट! ॲम्ब्युलन्सला फोन करा!"

लोक इकडेतिकडे बघायला लागले. त्या दिवशी गर्दीत कुणाचाच शर्ट निळा नव्हता! मागचे लोकही निळा शर्ट शोधायला लागले. "कौन है भाई निळा शर्ट?" एक पिवळ्या टीशर्टवाला समोरच उभा होता. हौसाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरला.

"आरं तूच निळा शर्ट! लाव फोन!"

त्याने लावला. लोकांच्या तेव्हा लक्षात आलं की हे नाटक नाही. हौसाबाईंनी छातीच्या मधोमध हात ठेवले आणि दाबायला लागल्या. तोंडाने बस्त्याव अंकलची धून, "ढ्यां ढ्यां ढ्यां ढ्यां!" त्या दमायला लागल्या, धून तुटायला लागली, तशी वडापाववाल्याने झाऱ्याने कढईवर ठेका धरला. मग गर्दीने टाळ्यांनी धरला. अख्खा बाजार बँड वाजवत होता आणि हौसाबाई दाबत होत्या. मधेच नाटकातलं पुढचं वाक्यही म्हणून गेल्या, "लक्षात ठेवा, तुमच्याही घरात असा एखादा काका असेल!" कारण ते त्या जागी यायचंच. पिवळ्या शर्टवाल्याने फोन खिशात टाकला, त्या थकल्यावर त्याने दाबायला घेतलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दोघं थांबले नाहीत.

गाडी गेल्यावर हौसाबाई तिथेच फुटपाथवर बसून राहिल्या. कुणीतरी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "आपले काका तर दर येळी उठतात. ह्ये का न्हाय उठलं?" शनिवारी आम्ही गेलो तर त्यांनी भाजी मांडलीच नव्हती, नुसत्या येऊन बसल्या होत्या. शुभदाताईंनी हॉस्पिटल शोधून काढलं, चौकशी केली. पाटणकर जिवंत होते. आयसीयूत होते, पण होते. ते ऐकल्यावर हौसाबाईंनी आधी दळवीकाकांना झापलं, "बगितलं का? खरा माणूस कसा पटकन पडतो?" आणि मग पदर तोंडात धरून रडल्या.

दीड महिन्याने, शनिवारी, आमचं नाटक सुरू व्हायच्या आधी पाटणकर स्वतः आले. बारीक झालेले, मुलीच्या हाताला धरून, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पथारीसमोर उभे राहिले.

"ताई, ओळखलंत?"

हौसाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "चालताय न्हवं नीट?"

"चालतोय. डॉक्टर म्हणाले, त्या बाईंनी हात लावला नसता तर..." त्यांनी डोळे पुसले. मुलगीही रडायला लागली. आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो. वातावरण हलकं करावं म्हणून पाटणकरच हसून म्हणाले, "तुमचा हात मात्र भलताच जड हो! दोन फासळ्या मोडल्या माझ्या."

हौसाबाईंचा चेहरा उतरला. "म्या मोडल्या?"

"अहो, तसं होतं कधी कधी," मी घाईने म्हणाले. "नीट जोर लावून दाबलं की मोडू शकतात. म्हणजे तुम्ही बरोबरच केलंत!"

हौसाबाई माझं ऐकतच नव्हत्या. त्या खाली वाकल्या. शेवग्याच्या शेंगांची जुडी ओढली, दोर सोडला. एक शेंग उचलून उजेडात धरली, वाकडी निघाली, बाजूला टाकली. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. अगदी सरळ, लांबसडक, जून न झालेल्या अशा निवडल्या आणि पाटणकरांच्या पिशवीत नीट उभ्या ठेवल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "बरोबर दोन हायत."